फोनवर सगळं ठीकच असतं

फौजेतल्या माणसाच्या घरी फोनवर कुणी खरं बोलत नाही. ते तिकडून विचारतात, "सगळं बरं आहे ना?" आपण म्हणतो, "हो, तुम्ही काळजी करू नका." आपण झोपेचं विचारलं की तेही हेच सांगतात. सीमेवरच्या माणसाच्या डोक्याला घरचा ताप नको, असं सासूबाईंनी मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी बजावलं होतं. त्यात मायाच होती. पण त्या मायेपोटी आमच्या घरात जे साचत गेलं ते आता सांगायलाच हवं. वैजापूर, कन्नड, पैठणकडे गावोगाव अशी घरं आहेत आणि त्यातल्या कितीतरी सुना आज तेच उत्तर देत असतील.

हे फील्डला, म्हणजे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा पोस्टिंगवर होते तेव्हा मी मुलांच्या शाळेसाठी पडेगावला खोली करून राहत होते. गावाकडे भावकीत जमिनीच्या वाटणीवरून वाद पेटला आणि ह्यांच्या नावानं दिवाणी दाव्याची नोटीस आली. सासऱ्यांनी ती फडताळात ठेवून दिली, रजेवर आल्यावर बघू म्हणाले. नववीतला मुलगा हळूहळू बोलेनासा झाला. मला रात्र रात्र डोळा लागायचा नाही, छातीत धडधडायचं. यातलं काहीच त्यांच्या कानावर गेलं नाही. तिकडे त्यांच्यावर काय गुदरत होतं, तेही आम्हाला कळलं नाही.

मग हे रजेवर आले. रात्रीत कितीदा तरी उठून दाराची कडी बघायचे. मुलांच्या चपला दारात वेड्यावाकड्या दिसल्या की असा आवाज चढायचा की धाकटी पोर माझ्या पदराआड लपायची. मुलगा तर बाप घरात असला की बाहेरच थांबायचा. सासूबाईंना वाटलं, लेकाला बाहेरचं काही लागलं. देवऋषी झाला, अंगारा झाला, पैसे गेले. आणि डॉक्टरकडे जाल तर गुण येणार नाही, असं त्यानं वर बजावलं. रजा संपली, हे तसेच परत गेले. देवऋष्यानं घेतलेल्या पैशांपेक्षा मला त्या वाया गेलेल्या रजेचं दुःख जास्त आहे. माणूस समोर होता, बोलता आलं असतं, तेवढे दिवस धुपात गेले.

वाट दाखवली ती शेजारच्या सुभेदारांच्या पत्नीनं. त्या मला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन गेल्या. हे कार्यालय फक्त माजी सैनिकांचं आणि वीरपत्नींचं, अशी आपल्याकडे समजूत आहे. तसं नाही, सेवेत असलेल्यांच्या घरच्यांनाही तिथे मदत मिळते. टेबलापलीकडे कल्याण संघटक होते, स्वतः फौजेतून आलेले. त्यांनी पहिलं विचारलं, "ताई, ह्यांचा आर्मी नंबर, युनिट आणि रेकॉर्ड ऑफिस कुठलं?" नंबर आठवला, युनिट सांगता आलं, रेकॉर्ड ऑफिस सुभेदारीणबाईंनी सांगितलं. कागद सगळे नवऱ्याच्या काळ्या ट्रंकेत आणि ट्रंकेची किल्ली त्याच्याजवळ, ही आपल्या घरांची रीत. म्हणून बायांनो, या तीन गोष्टी आजच वहीत लिहून ठेवा. त्याचबरोबर बघा, फौजेच्या नोंदीत म्हणजे पार्ट टू ऑर्डरमध्ये तुमचं नाव कोणतं लागलंय. लग्नात नाव बदलायची आपली पद्धत; माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर असेल तर पुढे कुटुंब निवृत्तिवेतनाच्या वेळी अडतं. मुलांची नावं आणि जन्मतारखाही लागलीच पडताळून घ्या.

नोटिशीचा मार्गही तिथेच कळला. 1925 चा भारतीय सैनिक (दावे) कायदा अजून लागू आहे. विशेष परिस्थितीत सेवा बजावणारा जवान कोर्टात हजर राहू शकत नसेल, तर त्याच्या माघारी दावा रेटता येत नाही, त्याला संरक्षण मिळतं. पण त्यासाठी कोर्टाला कळवावं लागतं. नोटीस फडताळात राहिली तर कायदा आपणहून धावून येत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला तिचं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. नालसाचा, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक 15100. सैनिकांच्या कुटुंबांसाठी नालसानं 2025 मध्ये 'वीर परिवार सहायता योजना'ही सुरू केली आहे.

मनाच्या दुखण्याचं सांगताना मात्र माझी जीभ अडखळली होती. खोलीचं दार लावून मी 14416 लावला. ही टेली मानस सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे, फुकट आहे, रात्रीही चालते आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी आधी ह्यांचं काही विचारलंच नाही. मला झोप लागते का, जेवण जातं का, हे विचारलं. मी बराच वेळ नुसती रडत होते, त्यांनी घाई केली नाही. डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी) फौजी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी याच सेवेचा वेगळा कक्ष सुरू झाला. मुलाला मी घाटी या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नेलं. तिथे तो बोलला, मला कधीच न सांगितलेलं बोलला.

उपचारांबद्दल ह्यांची भीती वेगळी होती. "कॅटेगरी खाली गेली तर?" ही भीती खोटी नाही; उपचार लागले तर मेडिकल कॅटेगरी बदलू शकते, त्याचा परिणाम पोस्टिंगवर होतो. पण फोनवर समुपदेशकाशी बोलणं म्हणजे मेडिकल बोर्ड नव्हे. युनिटमध्ये धर्मगुरूंनाही समुपदेशनाचं शिक्षण दिलेलं असतं. हे पहिल्यांदा मोकळे झाले ते त्यांच्या पंडितजींपाशीच. आणि पुढचे उपचार लागलेच तर छावणीतल्या मिलिटरी हॉस्पिटलपासून पुण्याच्या कमांड हॉस्पिटलपर्यंत सोय आहे. न झोपलेल्या माणसाच्या हातात हत्यार असणं, याची धास्ती कॅटेगरीपेक्षा मोठी असायला हवी. पेन्शन आल्यावर त्रास सुरू झाला तर माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या (ईसीएचएस) पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारासाठी रेफरल मिळतो. तेव्हा तर लपवण्याचं काही कारणच उरत नाही.

एक गोष्ट दबक्या आवाजात बोलली जाते, ती मोठ्यानं लिहिते. काही घरांत हा ताण मारहाणीवर येतो, किंवा खर्चाला पैसेच येत नाहीत, आणि बाईला सांगतात, "तक्रार केलीस तर त्याची नोकरी जाईल." घरगुती हिंसाचाराचा 2005 चा कायदा फौजीच्या बायकोलाही तितकाच लागू आहे. नवरा पैसे देत नसेल तर ती थेट त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे निर्वाह भत्त्यासाठी अर्ज करू शकते. मंजूर झाला की रक्कम पगारातून कापून तिला मिळते. अर्जात त्याचा नंबर, युनिट, लग्नाचा पुरावा, मुलांची नावं आणि स्वतःच्या बँक खात्याचा तपशील द्यावा. लिहिता येत नसेल तर सैनिक कल्याण कार्यालयात लिहून घ्यावा, स्पीड पोस्टानं पाठवावा आणि पावती माहेरी किंवा विश्वासाच्या शेजारणीकडे ठेवावी.