गोवर-रुबेलाची लस आणि शिक्षकाचे कर्तव्य



गोवर प्रत्येक मुलास एकदा निघावयाचाच, तो निघून गेला म्हणजे मूल मोकळे झाले, अशी समजूत अद्यापि आढळते. ही समजूत घातक होय. गोवरामागून न्यूमोनिया, हगवण व क्वचित मेंदूचा दाह उद्भवतो. काहींची दृष्टी जाते आणि कुपोषित बालके दगावतात.

या रोगाचा एक विशेष शिक्षकाने ध्यानात ठेवावा. अंगावर पुरळ दिसण्यापूर्वी सुमारे ४ दिवस रोगी मूल रोग पसरवू लागते. तेव्हा त्यास केवळ ताप, सर्दी, खोकला व लाल डोळे एवढीच लक्षणे असतात आणि ते वर्गात बसलेले असते. त्याच्या खोकल्यातील विषाणू खोलीच्या हवेत २ तासांपर्यंत टिकतात. जवळ वावरणाऱ्या, लस न घेतलेल्या १० जणांपैकी ९ जणांना बाधा होऊ शकते. पुरळ पाहून मुलास घरी धाडावे हे खरे. परंतु तोवर उशीर झालेला असतो. वर्गातील दुसरे मूल तोच रोग आपल्या घरच्या पाळण्यापर्यंत नेते, आणि तान्ह्याचे लस घेण्याचे वयही झालेले नसते. गावातील ९५ टक्के मुलांना लसीच्या दोन्ही मात्रा मिळाल्या, तरच त्या तान्ह्याचे रक्षण होते.

रुबेला मुलांस सौम्य असतो. मात्र गर्भारपणाच्या आरंभी तो मातेस झाल्यास अर्भकाचे डोळे, कान व हृदय यांत व्यंग येऊ शकते. म्हणून दोहोंची एकच लस शासन विनामूल्य देते : पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांत, दुसरी १६ ते २४ महिन्यांत.

नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यातील शाळांतून ही मोहीम सुरू झाली, तेव्हा अफवांमुळे काही पालकांनी मुले घरी ठेवली. एका शाळेत गुरुजींनी आपल्या मुलीस रांगेत प्रथम उभे केले. दुपारपर्यंत घरी राहिलेली बहुतेक मुले आली. व्याख्यानाने जे साधले नसते, ते त्या कृतीने साधले.

यास्तव प्रत्येक शिक्षकाने :

१. मुलाचे नाव दाखल करताना लसीकरण कार्ड पाहावे.
२. मात्रा राहिलेल्या मुलांची व त्यांच्या धाकट्या भावंडांची यादी आरोग्यसेविकेस द्यावी.
३. ताप व पुरळ आढळताच आरोग्य केंद्रास त्याच दिवशी कळवावे व पुरळ उठल्यापासून ४ दिवस मुलास शाळेत बसवू नये.

हजेरीपट आपल्या हाती आहे. कोणते मूल आज आले नाही, हे गावात सर्वांआधी आपणांस कळते. त्या रिकाम्या जागेची चौकशी त्याच दिवशी व्हावी.