परसातला गोड मका : दाणे का भरत नाहीत?



शहापूर-मुरबाडकडे ऊस थोडा, भात फार. तरी तिकडच्या सभासदांच्या घरामागे मांडवावर काकडी-दोडका आणि कुंपणाच्या कडेने गोड मक्याची चार ताटे दिसतात. तक्रारही ठरलेली : "साहेब, कणीस वीतभर, पण आत दाणे निम्मेच. बी भेसळीचं निघालं." आम्ही पाहिले त्यांत बहुतेक ठिकाणी दोष बियाण्याचा नव्हता, खताचाही नव्हता. परागीभवनच झाले नव्हते.

उसाला तुरा आला की वाढ थांबते, म्हणून आपल्याला तुरा नकोसा वाटतो. मक्याचे उलट आहे. शेंड्यावरचा तुरा हे नर फूल. कणसाच्या मिशा म्हणजे मादी फुलांचे धागे, आणि प्रत्येक दाण्याचा धागा वेगळा. ज्या धाग्यावर पराग पडला नाही तो दाणा भरत नाही. पराग नेतो तो वारा. कुंपणालगत एकच ओळ लावली तर सगळा पराग शेजाऱ्याच्या अंगणात! म्हणून वीस बिया असल्या तरी पाच-पाचच्या चार ओळी चौकोनी वाफ्यात टोकाव्यात, ओळींत दोन फूट व झाडांत पाऊण फूट अंतर ठेवून. काहीजण कोवळे तुरे खुडून म्हशीला घालतात, ते मात्र करू नये.

या भागात जूनमध्ये टोकलेला मका ऐन पावसात तुऱ्यावर येतो आणि पराग भिजून वाया जातो. भात निघाल्यावर, विहिरीला पाणी असेल तर, नोव्हेंबरात टोकावा. तुरा-मिशांच्या वेळी ताण पडला तर मिशा उशिरा निघतात, तोवर पराग संपलेला असतो. इतर वेळी एखादी पाळी चुकली तर चालेल, ही चुकवू नका.

झाडे थोडी असतील तर हातानेच करावे. सकाळी दव उडाल्यावर तुरा कागदी पिशवीत हलकेच झाडावा व जमलेला पिवळा पराग ताज्या मिशांवर भुरभुरावा. असे चार-पाच दिवस लागोपाठ करावे. घरातील मुलेही हे हौसेने करतात.

जवळ चाऱ्याचा मका असेल तर आणखी एक अडचण. त्याचा पराग गोड मक्यावर बसला की त्याच हंगामात दाणा पिठूळ होतो, गोडी जाते. दोन्हींच्या पेरणीत तीन-चार आठवड्यांचे अंतर ठेवा.

२०१८ साली आपल्याकडे आलेली अमेरिकन लष्करी अळी पोंग्यात बसते. परसातल्या चार झाडांवर औषध कशाला? रोज पोंगा बघून हाताने वेचा.

मिशा तपकिरी होऊन सुकल्या, नखाने दाबल्यावर दाण्यातून दूध आले की कणीस तयार. तोडलेला ऊस शिळा झाला की उतारा घटतो, तसेच इथेही. गोड मक्याची साखर तोडल्यापासून पिठात बदलू लागते, तेव्हा चुलीवर पाणी ठेवूनच कणीस तोडायला जावे.