भांडार सांभाळणाऱ्या पुतण्यास

चि. मिहिर,

देवळालीला तोफांचं शिक्षण घेतलंस आणि रेजिमेंटमध्ये गेल्यावर हाती काय आलं, तर भांडार! म्हणून तू खट्टू झालायस. तुला कॅप्टन बेंटीनची हकीकत सांगतो.

हा डच माणूस. 1806 मध्ये नेपोलियनने आपल्या भावाला हॉलंडचा राजा केलं आणि 1810 मध्ये तो देशच फ्रान्सला जोडून टाकला. डच फौज फ्रेंच फौजेत विरली. अशा रीतीने बेंटीन 1812 च्या रशियन मोहिमेत पोचला, तेही पूल बांधणाऱ्या तुकडीचा कप्तान म्हणून. फ्रेंच फौजेत हे लोक तोफखान्यातच मोडत. त्यांचा वरिष्ठ, जनरल एब्ले, मुरलेला तोफखानेवाला.

माघारीत ओर्शाला हुकूम आला की पुलाच्या होड्या जाळा, घोडे तोफांना जुंपा. एब्लेने होड्या जाळल्या, पण अवजारांच्या सहा गाड्या, दोन फिरत्या लोहारभट्ट्या आणि दोन गाड्या कोळसा हट्टाने राखून ठेवला. माझ्या मते त्या मोहिमेतला सर्वांत शहाणा निर्णय हाच, आणि तो भांडाराचा होता.

काही दिवसांतच बेरेझिना नदी आडवी आली. स्तुद्यांका गावातली घरं मोडून लाकूड काढलं, भट्टीवर लोखंडी पकडी ठोकल्या, पुलाच्या लाकडी घोड्या तयार केल्या. 26 नोव्हेंबरला सकाळी माणसं बर्फ वाहणाऱ्या पाण्यात छातीपर्यंत उतरली. जेमतेम चारशे, त्यांत बेंटीनचे डच. दुपारी एकच्या सुमारास पायदळाचा पूल झाला, चारच्या सुमारास तोफा-गाड्यांचा. हा दुसरा पूल पुन:पुन्हा खचला, अगदी मध्यरात्रीनंतरही, आणि दर वेळी तीच माणसं पुन्हा पाण्यात. त्यांतली फारच थोडी जगली. एब्लेही वर्ष संपता संपता क्योनिग्सबर्गला वारला. बेंटीन वाचला.

रात्री पूल मोकळे असायचे, तरी मागे रेंगाळलेले हजारो लोक शेकोट्या सोडून उठेनात. एब्लेने जीव तोडून सांगितलं, जाळायची वेळही लांबवली. 29 ला सकाळी पूल पेटवावेच लागले. पलीकडे राहिले ते राहिले. ही हकीकत वाचताना मी दर वेळी इथे थांबतो.

तू विचारशील, गिळलेल्या देशाच्या माणसाने गिळणाऱ्यासाठी एवढं का करावं? त्या मोहिमेचं कौतुक मला नाही. पण पाण्यातल्या माणसापुढे तेव्हा बादशहा नव्हता, पाठीमागे खोळंबलेली माणसं होती. निशाणं तर पुढे बदललीच. स्पेनमध्ये नेपोलियनसाठी लढलेल्या डच जनरल शासेच्या डिव्हिजनमधल्या तोफांनी 1815 मध्ये वॉटर्लूला त्याच्याच इम्पीरियल गार्डवर मारा केला.

तेव्हा रजिस्टरवर नुसत्या सह्या करू नकोस. पेट्या उघडून बघ, सुभेदारसाहेबांना सोबत घे. कोणती वस्तू ऐन वेळी दगा देते ते त्यांना ठाऊक असतं. आणि खर्ची टाकायच्या यादीत काय काय आहे, ते मला सविस्तर लिही.

तुझा,
आबाकाका