शब्दाची ओळख : ‘पिलग्रिम’



२०२५ चे ज्युबिली वर्ष ख्रिस्तसभेने ‘आशेचे यात्रेकरू’ हे ब्रीद घेऊन साजरे केले. इंग्रजी फलकांवर यात्रेकरूसाठी ‘पिलग्रिम’ हा शब्द होता. त्याचा मूळ अर्थ मात्र ‘यात्रेकरू’ नाही.

शब्दाचे मूळ : लॅटिन भाषेत ‘पेर’ म्हणजे ओलांडून आणि ‘अगेर’ म्हणजे शेत. शिवार ओलांडून आलेला तो ‘पेरेग्रिनुस’. रोमन कायद्यात हा शब्द नागरिकत्व नसलेल्या परक्या माणसासाठी वापरत. पुढे रोम, येरुशलेम अशा पवित्र स्थळांकडे निघालेल्या ख्रिस्ती लोकांना हे नाव पडले, कारण वाटेतल्या प्रत्येक गावाला ते परकेच होते. फ्रेंचमधून हा शब्द १२०० च्या सुमारास इंग्रजीत आला. तोवर पहिल्या ‘र’चा ‘ल’ झाला होता.

आपले शब्द : आपल्या जिल्ह्यातील नर्सीहून आषाढीला संत नामदेवांची पालखी पंढरपूरला जाते. वारी म्हणजे खेप. नेमाने पुन्हापुन्हा जातो तो वारकरी. सप्टेंबरमध्ये हरेगावच्या मतमाउलीला जाणारे आपण यात्रेकरू. आपले शब्द जाण्याकडे पाहतात. ‘पिलग्रिम’ परकेपणाकडे पाहतो.

पवित्र शास्त्रात : अब्राहाम वचनदत्त देशातही परक्यासारखा तंबूत राहिला. असे विश्वासू लोक स्वतःला पृथ्वीवर परके व प्रवासी म्हणवत, असे इब्री ११:१३ सांगते. ‘पॅरिश’ हा शब्दही ग्रीक ‘पारोइकिया’वरून आला. त्याचा अर्थ परक्या ठिकाणचा मुक्काम. म्हणजे आपल्या धर्मग्रामाच्या नावातच परकेपण आहे!

आपल्यासाठी : मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. कारखान्याच्या फडावर कोपी घालून राहणाऱ्याला ‘पेरेग्रिनुस’ म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. तिथे कोणी ‘कुठून आलात, पाणी घ्या’ म्हटले की किती बरे वाटते! प्रभू येशूने परक्याला घरात घेणे म्हणजे मलाच घेणे, असे सांगितले (मत्तय २५:३५).

चिंतनासाठी : आज मिस्सानंतर शेवटच्या रांगेत कोणी अनोळखी दिसले, तर मी त्यांच्याशी बोलेन का? ऊसतोडीहून परतणाऱ्या शेजाऱ्याच्या घरी पहिल्या दिवशी भाकरी पोहोचवीन का?