पाण्याची पाळी : वाळवंटातलं मरूद्यान आणि आपलं कुळागर

मरूद्यान म्हणजे वाळवंटातली हिरवी जागा, अशी व्याख्या आपण शाळेत पाठ केली. बायबलमधल्या निर्गमात (15:27) एलीमचा उल्लेख येतो: बारा झरे आणि खजुरीची सत्तर झाडं. पण नुसता झरा असला म्हणून मरूद्यान होत नाही. ते टिकवतो तो पाणी वाटून घेणारा गाव.

ओमानमधली ‘फलज’ पद्धत बघा. डोंगराच्या पायथ्याचं पाणी उताराच्या चरांतून गावात आणतात. शेतकऱ्याचा वाटा बादल्यांनी नाही, वेळेने मोजतात; पूर्वी दिवसा सावलीवरून, रात्री ताऱ्यांवरून. अशा पाच फलजांना युनेस्कोने 2006 साली जागतिक वारशाचा दर्जा दिला. शेतीही मजल्यांची: वर खजूर, त्याच्या सावलीत फळझाडं, त्याखाली भाजी आणि चारा.

आता म्हणाल, गोव्यात कुठलं वाळवंट? आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खरं आहे, पण तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. मार्चमध्ये पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या सड्यावर जाऊन बघा, गवत वाळून पिवळं पडलेलं असतं. आणि त्याच डोंगराच्या पायथ्याशी कुळागर मात्र हिरवंगार! आपलं वाळवंट जागेचं नाही, महिन्यांचं आहे.

हे कसं होतं? सड्याचा जांभा दगड सच्छिद्र. पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि खाली झर होऊन हळूहळू बाहेर येतं. पावसाळा सरला की ओहोळाला बांध घालायचा, पाट साफ करायचा आणि पाळीपाळीने पाणी सोडायचं. इथेही मजले आहेत: माड, पोफळी, पोफळीवर चढलेली मिरवेल, खाली केळी, अननस, हळद, अळू. वरच्याची सावली खालच्याचा ओलावा राखते.

ही साखळी दोन ठिकाणी तुटते. पहिली, डोंगरात. डिचोलीत लोहखनिजाच्या खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्या, आणि खड्डा कोरडा ठेवायला पाणी उपसलं गेलं. 2012 साली खाणी थांबल्या, खड्डे पाण्याने भरले. पण खड्ड्यात पाणी साचलं म्हणजे झर परत आली असं नाही. पेडण्यात मोपाच्या सड्यावर 2023 पासून विमानं उतरतात. सड्यावर काँक्रीट वाढलं तर पाऊस मुरायचा कुठे, हे प्रत्येक नव्या प्रकल्पाला विचारायलाच हवं.

दुसरी तुटते माणसांत. पंप आला की ज्याचं बटण त्याचं पाणी. मग बांधाला कोण येणार? पाट कोण उपसणार? उत्तर आफ्रिकेतल्या कितीतरी मरूद्यानांतही खोल विहिरींवरच्या पंपांनी भूजल खाली नेलं आणि जुने पाट ओस पडले. तिळारीच्या कालव्याचं पाणी आपल्या दोन्ही तालुक्यांना मिळतं, त्याचा उपयोग आहेच. पण कालवा पाणी देतो, पाळी पाळायला शिकवत नाही.

म्हणून कुळागर वाचवायचं म्हणजे केवळ झाडं वाचवणं नव्हे. वरचा सडा आणि खालची पाळी, दोन्ही सांभाळणं.

अभ्यासासाठी:
1. तुमच्या वाड्यावरची झर कुठल्या डोंगरातून येते? त्या डोंगरावर आज काय चाललंय?
2. पूर्वी पाण्याची पाळी कोण ठरवायचं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि त्यांच्याच बोलीत लिहून ठेवा.
3. पाट, बांध, झर, तळी यांसाठी तुमच्या गावात आणखी कोणते शब्द आहेत? यादी करा. काम थांबलं की त्याचे शब्दही विसरले जातात.