मुलींमधील रक्तक्षय व शिक्षकाचे कार्य

पाटीवरची पेन्सिल किंवा फळ्याचा खडू चोरून खाणारी एखादी मुलगी बहुतेक शिक्षकांनी आपल्या वर्गात पाहिलेली असते. तिला रागे भरले जाते, घरी निरोप जातो आणि 'घाणेरडी सवय' एवढा शेरा मारून प्रकरण मिटते. चार दिवसांनी तीच मुलगी भिंतीचा पोपडा किंवा भाजकी माती खाताना आढळते. अशा खाण्यामागे पुष्कळदा शरीरातील लोहाची उणीव असते, व ती उणीव भरून आली म्हणजे ही ओढ बहुधा आपोआप नाहीशी होते. शिक्षेने ती जात नाही; फक्त लपते.

फुप्फुसांतील प्राणवायू शरीरभर पोहोचविण्याचे काम रक्तातील हिमोग्लोबिन करते आणि ते तयार होण्यास लोह लागते. लोह कमी पडले की कवायतीत मुलीला धाप लागते, दुपारच्या तासाला पेंग येते, सकाळी पाठ केलेले संध्याकाळी आठवत नाही. अशा मुलीच्या प्रगतिपुस्तकात 'आळशी', 'लक्ष नाही' असे शेरे वर्षानुवर्षे पडत राहतात. खालची पापणी किंचित ओढून पाहिल्यास आतील भाग फिकट दिसतो. जीभ व नखेही निस्तेज असतात. तथापि हा डोळ्यांचा अंदाज होय. बारा वर्षांवरील मुलीच्या रक्तात 100 मिलिलिटरमागे 12 ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असेल तर तो रक्तक्षय समजावा, व हे रक्ततपासणीनेच कळते.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. 2015-16 मध्ये हेच प्रमाण 48 टक्के होते.

मुलीलाच तो अधिक का व्हावा? वाढीच्या वयात रक्त वाढावे लागते आणि ऋतुप्राप्तीनंतर दरमहा काही रक्त जाते. म्हणून 13 ते 15 वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी 22 मिलिग्रॅम लोह पुरेसे मानले असता त्याच वयाच्या मुलीसाठी 30 मिलिग्रॅमची शिफारस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 मध्ये केली आहे. आता घरातील पंगत पाहावी. आधी पुरुष जेवतात, मग मुलगे. मायलेकींच्या वाट्याला उरलेली भाकरी आणि पातेल्याच्या तळाचे कोरड्यास येते. जिची गरज मोठी तिचेच ताट शेवटचे.

100 ग्रॅम बाजरीत सुमारे 6 मिलिग्रॅम लोह असते. परंतु धान्य, कडधान्य व पालेभाज्यांतील लोहाचा थोडाच अंश अंगी लागतो. तो वाढविणे मात्र हाती आहे. मटकीला मोड आणले, उसळीवर लिंबू पिळले, जेवणात आवळा, पेरू किंवा कैरीची फोड घेतली, की तेच लोह अधिक शोषले जाते. उलट जेवणाबरोबर किंवा जेवल्यावर लगेच घेतलेला चहा हे शोषण निम्म्याहूनही कमी करतो. चहा सोडा असे सांगून कोणी ऐकणार नाही. तो जेवणापासून तासभर दूर ठेवा, एवढे पुरे. शेंगदाणे व गूळ चांगलेच, पण गुळाच्या खड्यावर भिस्त ठेवणे हा भाबडेपणा होय. ज्या घरी चालते तेथे सुकट, मटण व काळीज यांतील लोह सहज अंगी लागते. शाळेच्या आहारात उसळ असते त्या दिवशी परसबागेतील लिंबू कापून वाढणे कोणत्याही शाळेस जड नाही.

एवढ्याने मोठी उणीव लवकर भरत नाही. त्यासाठी 10 ते 19 वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा द्यावयाची निळी गोळी आहे. तीत 60 मिलिग्रॅम लोह व 500 मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते. गोळी घरी दिली की ती बहुधा दप्तरातच राहते. यास्तव ठरलेल्या वारी, शालेय आहारानंतर, शिक्षकांदेखत ती पाण्याबरोबर गिळू द्यावी. उपाशीपोटी दिल्यास मळमळते, आणि एका मुलीला उलटी झाली की पुढच्या आठवड्यात निम्मा वर्ग नको म्हणतो. गोळीने शौच काळी होते, हे पालकांना आधीच सांगावे. न सांगितल्यास गावात अफवा उठण्यास तेवढे निमित्त पुरते. जंतनाशक दिनाची अल्बेंडाझोलची गोळीही चुकवू नये. दूषित मातीतून अनवाणी पायांवाटे शिरणारे अंकुशकृमी आतड्यास चिकटून रक्त शोषतात.

एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रत्येक फिकट मुलीला लोहाचीच उणीव असते असे नाही. गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांत सिकलसेल हा आनुवंशिक आजारही आढळतो. सांधे वारंवार दुखत असतील, डोळे पिवळे दिसत असतील, तर त्या मुलीस प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे व गोळीचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.

ऋतुस्राव फार होतो काय, ही चौकशी शिक्षिकेनेच, एकांतात करावी. शिक्षिका नसेल तेथे आशाताईंची मदत घ्यावी. माता-पालक सभेत मुलीच्या ताटाविषयी बोलताना समोर बसलेल्या आईकडेही पाहावे. तीही शेवटीच जेवते. मुलीबरोबर तिचेही रक्त तपासून घेण्यास सांगावे आणि उपकेंद्रातील तपासणीचा वार त्याच सभेत कळवावा.