कुंडीतली मुळं आणि मिनेसोटाची थंडी

छत्रपती संभाजीनगर
१८ ऑक्टोबर

चि. ऋता हीस,


तुझं पत्र आणि टॅमरॅक बोन्सायचे फोटो पोचले. खुशालीचं शेवटी लिहिते, आधी तातडीचं. थंडी वाढायच्या आत ते झाड घरात, खिडकीपाशी घेणार असं तू लिहिलं आहेस. कृपा करून घेऊ नकोस. त्या झाडाला तुझ्या हीटरची ऊब मारेल.

टॅमरॅक म्हणजे तिथला गावठी लार्च. उत्तर अमेरिकेत झाडांची हद्द जिथे संपते, तिथपर्यंत तो उभा असतो. पाइनच्या गोतातला असूनही पानगळीचा. फोटोत त्याच्या सुया सोनेरी दिसताहेत, त्या आता गळून जातील आणि नुसत्या काड्या उरतील. घाबरू नकोस. ऑगस्टमध्ये दिवस लहान झालेले जाणवायला लागले तेव्हाच त्याने तयारी सुरू केली आहे. वाढ थांबते, पेशींत साखर साठते, आणि पुढे कडाका पडला की पेशीतलं पाणी बाहेर झिरपून पेशींच्या मधल्या जागेत गोठतं, त्यामुळे पेशी फाटत नाहीत. ही तयारी एका रात्रीत होत नाही. दव गोठण्याइतक्या थंडीचे सुरुवातीचे काही तडाखे झाडाला बसावेच लागतात. त्यानंतर शून्याच्या थोडा वर असा गारवा कित्येक आठवडे मिळाला, तरच वसंतात डोळे नीट फुटतात. खिडकीत यातलं काहीच मिळत नाही. एखादं वर्ष झाड तग धरतं आणि मग जातं.

पण याचा अर्थ ट्रे अंगणात टेबलावर ठेवून विसरून जायचं असाही नाही. जमिनीतल्या टॅमरॅकला उणे चाळीसही सोसतं, ते खोडाला आणि फांद्यांना. मुळांची ताकद त्यापेक्षा पुष्कळ कमी असते. त्यांना आजवर जमिनीने सांभाळलेलं असतं. आपण ते झाड चार बोटं खोलीच्या ट्रेमध्ये लावतो आणि जमिनीचं ते पांघरूण काढून घेतो. मग चारी बाजूंनी हवा, आणि तुझ्या सेंट पॉलच्या जानेवारीत रात्री ती हवा उणे तीसपर्यंतही जाते.

माझ्या गच्चीवर हेच उलट्या टोकाने घडतं. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर जातो. हिवर, बाभूळ, बोर ही आपल्या बांधावरची झाडं त्या उन्हात खुशाल उभी असतात, कारण त्यांची मुळं खोल, गार मातीत असतात. तेच हिवराचं झाड ट्रेमध्ये घालून तापलेल्या स्लॅबवर ठेवलं, तर दुपारी मातीला हात लावून बघ, चटका बसतो. पांढरी बारीक मुळं आधी करपतात, पानं दोन-तीन दिवसांनी सांगतात. म्हणून माझे सगळे ट्रे विटांवर उचललेले आहेत, खालून वारा खेळतो, वर हिरवी जाळी आहे, आणि कुंडीभोवती ओलं गोणपाट असतं. नळाला रोज पाणी येत नाही हे तुला ठाऊकच आहे. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा त्या गोणपाटावर जातं. बोन्साय करणाऱ्याने आपल्या गावचा सगळ्यात वाईट महिना आधी ओळखावा आणि त्या महिन्यात मुळांचं काय होईल एवढ्याचाच विचार करावा. छाटणी, तार, आकार हे सगळं त्याच्या नंतर. माझा वाईट महिना मे आहे, तुझा जानेवारी.

तेव्हा आता काय करायचं ते सांगते. घराच्या उत्तरेला किंवा पूर्वेला, जिथे हिवाळ्यातलं दुपारचं ऊन आणि थेट वारा येत नाही, अशी जागा बघ. ऊन नको म्हणते त्याला कारण आहे: माती दिवसा वितळते, रात्री पुन्हा गोठते, आणि या उलथापालथीत मुळं तुटतात. दोन-चार वेळा दव गोठलं, सुया गळाल्या, की जमीन दगड व्हायच्या आत तिथे खड्डा कर आणि ट्रे काठापर्यंत पुरून टाक. त्याआधी भरपूर पाणी दे, कारण कोरडी मुळं थंडीत आधी मरतात. वरून वाळलेल्या पानांचा किंवा सालीच्या तुकड्यांचा जाड थर दे. बर्फ पडला की झाडू नकोस, उलट आजूबाजूचा आणखी लोट. बर्फाखाली जमीन बरीच उबदार राहते. खोडाभोवती बारीक तारेची जाळी मात्र विसरू नकोस. अन्न मिळेनासं झालं की उंदीर आणि ससे कोवळी साल सोलून खातात. खड्डा जमला नाही तर हीटर नसलेलं गॅरेज चालेल. तिथे अंधार असला तरी हरकत नाही, पानंच नाहीत तर उजेड कशाला? माती मात्र पूर्ण सुकू द्यायची नाही. अधूनमधून मूठभर बर्फ कुंडीत टाकलास तरी पुरे.

भाजक्या मातीची कुंडी असेल तर ती गोठलेल्या पाण्याने तडकू शकते. तूर्त मातीचा गड्डा न मोडता झाड लाकडी खोक्यात घे, खोक्याला खाली मोठी भोकं पाड. टॅमरॅक रानात दलदलीत वाढतो हे खरं, पण ट्रेमध्ये पाणी साचलेलं त्याला चालत नाही. मी इथे चाळलेला विटांचा चुरा, मुरूम आणि थोडं शेणखत वापरते. तुला तिथे प्युमिस आणि लाव्हा मिळेल. तत्त्व एकच, पाणी घातलं की लगेच खालून बाहेर आलं पाहिजे.

माती बदलणं आणि मुळांची छाटणी वसंतात, फांदीवरच्या गाठींतून हिरवा ठिपका डोकावतो त्या आठवड्यात. आपल्याकडे मी चिंच-बोर पालवीच्या आधी फाल्गुनात करते आणि वड-पिंपळ पहिल्या पावसानंतर. तुझ्याकडे तो ठिपका हेच पंचांग. मुळं कापल्यावर पुन्हा थंडीची लाट आली तर रात्रीपुरतं झाड आडोशाला घे, कारण ताज्या कापलेल्या मुळांना ती सोसत नाही. आणि एका वर्षात एकच मोठं काम. आपला वड वर्षात दोनदा पानं काढली तरी पुन्हा भरतो, त्याला थांबणं माहीत नाही. तुझ्या झाडाला वाढायला जेमतेम पाच महिने मिळतात. ज्या वर्षी मुळं कापशील त्या वर्षी फांद्यांना हात लावू नकोस. ऑगस्टच्या मध्यानंतर नत्राचं खत बंद, नाहीतर कोवळे शेंडे फुटतील आणि पहिल्याच थंडीत काळे पडतील.

तार डोळे फुटायच्या आधी लाव. लार्च तरुणपणी छान वाकतो, म्हणून माणसाला मोह होतो. जूनमध्ये फांदी झपाट्याने जाड होते. दर रविवारी बोटाने चाचप, तार सालीत रुतायला लागलेली दिसली की उलगडत न बसता कापून काढ.

आकाराबद्दल तू जपानी पुस्तकातला पाइन दाखवला आहेस. चित्र सुंदर आहे, पण ते पाइनचं आहे. हिवर मी कधीही पाइनसारखा बांधत नाही. हिवराचा माथा छत्रीसारखा पसरट असतो, फिकट सालीचं खोड थोडं तिरकं, तसाच तो शोभतो. तू दलदलीतले म्हातारे टॅमरॅक बघून ये. खोड सरळ, फांद्या आखूड आणि खाली झुकलेल्या, शेंड्याला बहुधा वाळलेला कोंभ. तेच तुझं पुस्तक. वाकडंतिकडंच हवं असेल तर लेक सुपीरिअरच्या खडकांवरचे जॅक पाइन बघ. बघ म्हणते, उपटून आण म्हणत नाही. सरकारी रानातून परवानगीशिवाय काडीही आणायची नाही, इथे मी गौताळ्याच्या अभयारण्यातून आणत नाही तशीच. दौलताबादच्या तटबंदीतले पिंपळ फक्त डोळ्यांनी घ्यायचे असतात. माझे बहुतेक पिंपळ आणि उंबर पाडायला काढलेल्या जुन्या घरांच्या भिंतींतले आहेत, घरमालकाला विचारून काढलेले. नाहीतर त्यांच्यावर ॲसिडच पडलं असतं.

दुसरं झाड घ्यायचं असेल तर अमेरिकन एल्म घे. आपल्या वावळाच्या कुळातलंच आहे ते. उन्हाळ्याच्या तोंडावर वावळाच्या कागदासारख्या गोल चकत्या वाऱ्यावर उडतात, लहानपणी तू त्या वेचायचीस. एल्मचं बी तसंच पंखाचं, फक्त लहान. छाटणी सोसतो, पान बारीक होतं, शिकायला त्याहून बरं झाड नाही.

आता वडाच्या फांदीचं. तू मागितलीस, मी पाठवणार नाही. माती लागलेलं झाड तिकडे नेता येत नाही, आणि कागदपत्रांशिवाय नुसती फांदीही विमानतळावर काढून घेतील. पण कायदा आड आला नसता तरी मी थांबवलं असतं. खिडकीत तो जगेल, पण पारंबी सोडणार नाही. इथेसुद्धा, मराठवाड्याच्या कोरड्या हवेत, ती फक्त श्रावण-भाद्रपदात सुटते. यंदा एक केसाएवढी बारीक पारंबी आली, ती प्लास्टिकच्या नळीत ओलं शेवाळ भरून त्यातून मातीपर्यंत नेली आहे. मातीत रुजली की नळी कापून काढायची. हे काम तुझ्या पुढच्या सुट्टीत तुझ्या हातून करून घेईन. वड इथे तुझाच आहे, मी पाणी घालते आहे.

तुझ्या गावात कोमो पार्कच्या काचघरात बोन्सायचा संग्रह आहे, तो जाऊन बघ. सेंट पॉल आणि नागासाकी ही १९५५ पासूनची भगिनी शहरं, त्यामुळे जपानी बागकामाची तिथे जुनी ओळख आहे. तिथल्या माणसांना एकच विचार: हिवाळ्यात तुमची बाहेरची झाडं कुठे ठेवता? त्या उत्तरातून तुला माझ्या पत्रापेक्षा जास्त कळेल, कारण तो हिवाळा त्यांनी काढला आहे आणि मी नाही.

इकडे सगळे खुशाल. दादाचा गुडघा बरा आहे. जमीन गोठायच्या आत खड्डा खण, आणि ट्रे पुरल्यावर फोटो पाठव.

तुझी,
आत्या